केळी पॅकहाऊससाठी रग्ड हँडहेल्ड: ॲप आपलं, यंत्र कोणतं?

केळीपट्टा_कोड :

सावद्याजवळच्या एका केळी पॅकहाऊससाठी ॲप लिहायला घेतलंय, अँड्रॉइडवर. काम असं: बागेतून गाडी आली की शेतकरी, गट आणि वजन यांची नोंद. माल धुऊन-पॅक होऊन १३ किलोच्या बॉक्सवर लेबल. मग प्रीकूलिंग (माल आधी गार करणं), कोल्ड स्टोअर आणि शेवटी कंटेनर भरताना प्रत्येक बॉक्सचं स्कॅन. ४० फुटी रीफरमध्ये (थंड कंटेनरमध्ये) साधारण दीड हजार बॉक्स बसतात, गर्दीच्या दिवसांत दोन कंटेनर निघतात.

१२ रग्ड हँडहेल्ड, म्हणजे आपटणं आणि पाणी सोसणारी, हातात धरून स्कॅन करायची यंत्रं, घ्यायची आहेत. समोर तीन कोटेशनं आहेत आणि तिन्हींवर ‘आयपी६७, मिलिटरी ग्रेड’ एवढंच ठळक लिहिलंय. निवड कशावर करायची? आणि साध्या फोनवर भागत असेल तर तेही सांगा, मालकांना तेच ऐकायचंय.

बिनधास्त_भुसावळ :

साधे फोन, वर जाड रबरी कव्हर. कॅमेऱ्याने बारकोड वाचणारी लायब्ररी फुकट मिळते. एका रग्डच्या पैशात दोन-तीन फोन येतात. फुटला की नवा काढायचा.

तापीकाठ :

भुसावळकर, गेटवरच्या नोंदीला तुमचं म्हणणं लागू आहे. तिथे दिवसाला पन्नास-शंभर स्कॅन, सावली, टेबल. तिथे फोन द्याच.

कंटेनरच्या दारात हिशेब बदलतो. स्कॅन इंजिन, म्हणजे रग्डमधला बारकोड वाचणारा खास भाग, ट्रिगर दाबताच वाचतं. कॅमेरा आधी फोकस शोधतो, मग अंधारात टॉर्च लावतो. एका बॉक्समागे फक्त २ सेकंद जास्त धरा. १५०० बॉक्स गुणिले २ म्हणजे ३००० सेकंद, ५० मिनिटं. एवढा वेळ कंटेनरचं दार जास्त उघडं आणि १३–१४ अंशांवर आणलेली केळी मे महिन्याच्या हवेत. शिवाय कॅमेरा सतत चालू राहिला की फोन तापतो, स्क्रीन आपोआप मंद होते आणि दुपारपर्यंत बॅटरी संपते.

मधली वाट आहे: फोन आणि ब्लूटूथ स्कॅनर. पण मग प्रत्येक माणसामागे चार्ज करायच्या दोन वस्तू आणि जोडणी तुटली की ओरड. एक-दोन ठिकाणी ठीक, बारा जणांना नको.

म्हणून १२ एकसारखे घेऊ नका. गेट आणि ऑफिससाठी ३–४ साधे फोन, पॅकिंग आणि लोडिंगला रग्ड. ॲप एकच.

आता ‘आयपी६७, मिलिटरी ग्रेड’ याबद्दल. आयपी म्हणजे धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा. त्याचा पहिला आकडा धुळीचा. ६ म्हणजे धूळ आत जातच नाही, ५ म्हणजे थोडी जाते पण काम अडत नाही. दुसरा पाण्याचा. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. लोक इथे फसतात: ७ असला म्हणजे पाण्याची जोरदार धार सोसेलच असं नाही, ती ५ आणि ६ ची चाचणी वेगळी असते. पॅकहाऊसमध्ये यंत्र टाकीत पडण्यापेक्षा फरशी धुताना पाइपाची धार बसण्याचा धोका जास्त. तेव्हा आयपी६५ आणि आयपी६७ दोन्ही लिहिलेलं बघा.

‘मिलिटरी ग्रेड’ हे नुसतं काहीच सांगत नाही. त्यामागचा मिल-स्टँडर्ड-८१० हा अमेरिकी लष्कराच्या चाचणीपद्धतींचा गठ्ठा आहे. कोणती चाचणी केली ते कंपनी ठरवते. त्यातली पडण्याची नेहमीची चाचणी म्हणजे १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा: ६ बाजू, १२ कडा, ८ कोपरे. ती बहुधा काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवर होते आणि २६ वेळा एकच नग टाकायला हवा असंही नाही, पाच नगांत वाटून चालतं. तुमच्याकडे फरशी काँक्रीटची. म्हणून डेटाशीटवर ‘काँक्रीटवर १.५ मीटर’ असं आहे का ते बघा आणि ते बूट (यंत्राचं रबरी कव्हर) घालून की बूटाशिवाय, ते विचारा. टंबल चाचणीचा (फिरत्या पिंपात पुन्हा पुन्हा आपटण्याचा) आकडा दिला असेल तर आणखी बरं, कारण खरं नुकसान एका मोठ्या पडण्यापेक्षा शंभर छोट्या आपटण्यांनी होतं.

आणि एकदा कडेला बारीक तडा गेला की आयपी संपला. यूएसबीचं रबरी झाकण तुटलं तरी तेच.

केळीपट्टा_कोड :

कोल्ड स्टोअरमध्ये न्यायचं म्हणून एकाने फ्रीझर मॉडेल सुचवलंय, किंमत बरीच वर. घ्यावं का?

तापीकाठ :

नको. फ्रीझर मॉडेल उणे २०, उणे ३० साठी असतं, स्कॅनच्या काचेला आणि स्क्रीनला हीटर असलेलं. केळी १३ अंशांच्या खाली ठेवतच नाहीत, साल काळवंडते. रायपनिंग चेंबर (पिकवण्याची खोली) तर १६–१८ अंशांवर. तेवढी थंडी कुठलंही यंत्र सोसतं.

त्रास थंडीचा नाही, बाहेर येण्याचा आहे. यंत्र आत १३ अंशांना आलं आणि बाहेरच्या हवेचा दवबिंदू त्याहून वर असला की काचेवर लगेच दव धरतं. मे महिन्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की हे फारसं जाणवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दवबिंदू २३–२४ पर्यंत जातो, तेव्हा बाहेर पाऊल टाकताच स्कॅनची काच आंधळी. उपाय पैशांचा नाही: आतली यंत्रं आतच ठेवायची, बाहेरची बाहेर. लोडिंगला अँटीरूममधूनच (कोल्ड स्टोअरच्या दारापुढच्या खोलीतूनच) स्कॅन करायचं आणि काच पुसायला सुती नव्हे, मायक्रोफायबर फडकं यंत्राला बांधून ठेवायचं.

उलट उन्हाची काळजी घ्या. बहुतेक डेटाशीटवर चालण्याचं तापमान ५० अंशांपर्यंत दिलेलं असतं. ते यंत्राचं, चार्जिंगचं नाही. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४०–४५ अंशांच्या वर चार्ज घ्यायचं थांबवते, तो दोष नाही, संरक्षण आहे. भुसावळ-जळगावात एप्रिल-मेमध्ये सावलीतच ४४–४५ होतं, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. चार्जिंगचा रॅक शेडमध्ये लावला तर दुपारी चार तास एकही बॅटरी भरणार नाही आणि ‘चार्जर खराब’ म्हणून फोन येतील. रॅक ऑफिसात, पंख्याखाली. आणि ट्रॅक्टरच्या किंवा पिकअपच्या डॅशबोर्डवर यंत्र ठेवायचं नाही, हे ॲपच्या पहिल्या स्क्रीनवर लिहिलं तरी चालेल.

खानदेशी_अँड्रॉइड :

पेटीबद्दल झालं, आता आतलं. डेव्हलपरने निवड इथून सुरू करायला हवी असं माझं ठाम मत आहे, कारण यंत्र पाच वर्षं वापरात राहणार आणि प्लास्टिकपेक्षा आधी सॉफ्टवेअर जुनं होणार.

पहिली गोष्ट, गूगल सेवा आहेत की नुसतं एओएसपी, म्हणजे गूगल सेवांविना मोकळं अँड्रॉइड. स्वस्त मॉडेलं कधी कधी गूगल प्रमाणपत्राशिवाय येतात. तिथे प्ले स्टोअर नाही एवढंच नसतं. पुश मेसेज येत नाहीत, नकाशाची लायब्ररी चालत नाही, फ्यूज्ड लोकेशन (जीपीएस, वायफाय, मोबाइल टॉवर मिळून काढलेली जागा) मिळत नाही. ॲप पूर्ण बंदिस्त आणि स्वतःच्या सर्व्हरवर असेल तर चालतं, पण हे ठरवून करा, नंतर कळू देऊ नका.

दुसरी, गूगलच्या ‘अँड्रॉइड एंटरप्राइझ रेकमेंडेड’च्या रग्ड यादीत मॉडेल आहे का. त्या यादीची अट अशी की ५ वर्षं सुरक्षा अपडेट, ९० दिवसांच्या आत, आणि निदान एक पुढची मोठी आवृत्ती. यादीत नसलेलं यंत्र वाईटच असं नाही, पण मग हेच विक्रेत्याकडून लेखी घ्या. शोरूममधल्या नगाची सिक्युरिटी पॅचची तारीख बघा, सेटिंगमध्ये दिसते. दीड वर्ष जुनी असेल तर पुढचंही चित्र तेच.

तिसरी आणि सगळ्यात मोठी, स्कॅनचा डेटा ॲपमध्ये येतो कसा. तीन मार्ग आहेत.

कीबोर्ड वेज: स्कॅन केलेला मजकूर टाइप केल्यासारखा चालू फील्डमध्ये पडतो. कोड शून्य. पण फोकस (कर्सरची जागा) हलला की बॉक्स नंबर वजनाच्या रकान्यात जातो. शेवटी एंटर पाठवलं जातं आणि फोकस बटणावर असेल तर ते बटण दाबलं जातं, नोंद दोनदा सेव्ह. डेमोपुरतं ठीक.

इंटेंट: यंत्रातली सेवा वाचलेला मजकूर आणि कोडचा प्रकार ब्रॉडकास्टने (यंत्रातल्या ॲपांना जाणाऱ्या संदेशाने) पाठवते. झेब्रा कंपनीचं डेटावेज असं चालतं, बाकी बऱ्याच कंपन्यांकडेही अशीच सोय आहे. कस्टम ॲपला हाच मार्ग.

कंपनीचं एसडीके (ॲपमध्ये जोडायचा कंपनीचा कोड): स्कॅनरवर पूर्ण ताबा, पण ॲप त्या कंपनीला बांधलं जातं. हनीवेलच्या एसडीकेत ॲप समोर आलं की रीडर ताब्यात घ्यायचा आणि मागे गेलं की सोडायचा. सोडायचं राहिलं की दुसऱ्या ॲपमध्ये स्कॅनर मेल्यासारखा वाटतो.

ॲपमध्ये एकच इंटरफेस ठेवा: ‘कोड आला, प्रकार अमुक’. खाली प्रत्येक कंपनीचा छोटा अडॅप्टर आणि एक अडॅप्टर कॅमेऱ्याचा. गेटवरचे फोन आणि आतली यंत्रं एकाच ॲपवर चालवायची असतील तर दुसरा इलाज नाही.

केळीपट्टा_कोड :

डेटावेजवर डेमो युनिटने करून बघतोय. रिलीज बिल्डमध्ये (वापरायला द्यायच्या आवृत्तीत) स्कॅन नीट येतं, डीबग बिल्डमध्ये (चाचणीच्या आवृत्तीत) मजकूर कीबोर्डसारखा फील्डमध्ये पडतो. कोड तोच.

खानदेशी_अँड्रॉइड :

डीबगला पॅकेजच्या (ॲपच्या अंतर्गत) नावामागे शेपूट लावलं असणार. डेटावेजचं प्रोफाइल पॅकेजच्या नावाला बांधलेलं असतं. नाव जुळलं नाही की ‘प्रोफाइल ०’ लागू होतं आणि त्याचं आउटपुट कीस्ट्रोक असतं. प्रोफाइलमध्ये दोन्ही नावं जोडा, प्रोफाइल ० मधला कीस्ट्रोक बंद करा.

याच्याच शेजारचे आणखी दोन खड्डे. अँड्रॉइड ८ पासून मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये) लिहिलेल्या रिसीव्हरला (ब्रॉडकास्ट घेणाऱ्या कोडला) असे ब्रॉडकास्ट मिळत नाहीत, रिसीव्हर चालू स्क्रीनमध्येच नोंदवायचा. आणि टार्गेट अँड्रॉइड १४ केलं की नोंदवताना ‘एक्सपोर्टेड’ की ‘नॉट एक्सपोर्टेड’ सांगावंच लागतं, नाही तर ॲप पडतं. सवयीने सुरक्षित म्हणून ‘नॉट एक्सपोर्टेड’ लिहिलं तर ॲप पडत नाही, एरर येत नाही, फक्त स्कॅन येत नाही. ब्रॉडकास्ट दुसऱ्या ॲपकडून येतोय, म्हणून ‘एक्सपोर्टेड’ हवं.

बारा यंत्रांवर प्रोफाइल हाताने बनवू नका. एकदा एक्स्पोर्ट करा आणि फाइल ‘एंटरप्राइझ’ फोल्डरमधल्या डेटावेजच्या ऑटोइम्पोर्ट जागेत टाका, किंवा ॲपनेच पहिल्यांदा उघडताना एपीआयने प्रोफाइल तयार करावं. दुसरं जास्त भरवशाचं, कारण कोणी रीसेट केलं तरी ॲपबरोबर परत येतं.

बीपबद्दलही सांगतो. स्कॅनरचा स्वतःचा बीप बंद करा. तो ‘कोड वाचला’ एवढंच सांगतो, ‘नोंद झाली’ असं नाही. डेटाबेसमध्ये नोंद पक्की झाल्यावर ॲपने बीप द्यावा. डुप्लिकेट बॉक्सला वेगळा, लांब आवाज आणि व्हायब्रेशन. कॉम्प्रेसरच्या आवाजात नुसता बीप ऐकू येत नाही.

शिरपूर_ताई :

सगळे यंत्रावर बोलताहेत, लेबलावर कोणीच नाही. लेबल वाईट असेल तर महागातलं इंजिनही हात टेकतं.

२०३ डीपीआयचा (इंचाला २०३ ठिपके) प्रिंटर म्हणजे एक ठिपका ०.१२५ मिलिमीटर. सगळ्यात बारीक रेघ दोन ठिपक्यांची केली तर ०.२५ मिलिमीटर, तीन ठिपक्यांची केली तर ०.३७५. बॉक्स नंबर १४ आकडी धरा. कोड १२८ या बारकोडच्या ‘सी’ संचात दोन आकड्यांना ११ मॉड्यूल (एक मॉड्यूल म्हणजे सगळ्यात बारीक रेघेची रुंदी), म्हणजे सात जोड्यांना ७७. सुरुवातीला ११, चेकला ११, शेवटी १३. एकूण ११२. तीन ठिपक्यांनी ४२ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना १०-१० मॉड्यूल कोरी जागा सोडली की ५० मिलिमीटरच्या आत. ७५ मिलिमीटरच्या लेबलवर आरामात बसतं आणि लांबूनही वाचलं जातं. मध्येच एखादं इंग्रजी अक्षर घातलंत की ‘सी’ संच तुटतो आणि कोड लांबतो. म्हणून नंबर फक्त आकडी आणि आकड्यांची संख्या सम.

रेघांची दिशा: कागद सरकतो त्या दिशेने रेघा उभ्या येत असतील आणि प्रिंटहेडचा एक ठिपका जळाला, तर एखाद्या रेघेची जाडीच बदलते आणि कोड वाचत नाही. शिडीसारख्या आडव्या छापल्या तर तोच जळका ठिपका सगळ्या रेघांना एक बारीक फट पाडतो, कोड वाचला जातो.

डायरेक्ट थर्मल लेबल उन्हात तापलेल्या गाडीत काळवंडतं. रिबनवाला प्रिंटर घ्या आणि रिबन वॅक्स-रेझिन. नुसतं वॅक्स ओलसर हाताने पुसलं जातं. लेबल बॉक्स कोरडा आणि गरम असताना लावा, प्रीकूलिंगनंतर दमट पुठ्ठ्यावर गोंद धरत नाही. स्ट्रेच फिल्मखालून स्कॅन करायचं असेल तर यंत्र थोडं तिरकं धरायला शिकवा, समोरून लाइटची चमक परत येते.

आणि दादा, लेझरवाला स्कॅनर कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. लेझर क्यूआर वाचत नाही आणि मोबाइलच्या स्क्रीनवरचा कोडही वाचत नाही. २डी इमेजर (चित्र टिपून कोड वाचणारा) घ्या.

बिनधास्त_भुसावळ :

ताई, क्यूआरच का नको मग? छोटा, त्यात सगळी माहिती मावते.

शिरपूर_ताई :

चालेल, बॉक्सवर दोन्ही छापा. पण क्यूआरमध्ये शेतकऱ्याचं नाव-गाव कोंबू नका. जितका मजकूर जास्त तितके चौकोन बारीक, तितकं जवळ जावं लागतं. नंबर तेवढा कोडात, बाकी सर्व्हरवर. पावतीवर देवनागरी छापायची असेल तर तेही ऐकून ठेवा: कमरेला लटकवायचे छोटे ब्लूटूथ प्रिंटर बहुतेक वेळा देवनागरी टेक्स्ट म्हणून छापत नाहीत. ओळ ॲपमध्ये चित्र म्हणून काढून पाठवायची. ५८ मिलिमीटरच्या प्रिंटरला ३८४ ठिपके रुंद, ८० मिलिमीटरला ५७६. नाही तर जोडाक्षरांच्या जागी भलतंच काही उमटतं.

जिनिंगचा_मुनीम :

काय भो, केळीवालेच बोलताय सगळे. जिनिंगचं पण सांगा. १७० किलोच्या गाठीला बिल्ला, त्याचा नंबर आणि काट्याचं वजन एकत्र नोंदवायचंय. जुन्या सीईवाल्या (जुन्या विंडोजवर चालणाऱ्या) सहा स्कॅनर-गन पडून आहेत, त्यावरच करता येईल का? आणि नवं घेतलं तर कितलाले पडी?

तापीकाठ :

मुनीमजी, जुन्या गनवर नवं काम नको. विंडोज एम्बेडेड हँडहेल्ड ६.५ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. त्यावरचं ॲप म्हणजे .नेट कॉम्पॅक्ट फ्रेमवर्क ३.५ आणि व्हिज्युअल स्टुडिओ २००८. त्याहून मोठी अडचण, त्यात टीएलएस १.२ (सुरक्षित जोडणीची पद्धत) नाही, आजचा कुठलाही नीट सर्व्हर जोडणी घेणार नाही. फार तर वायफायवरून आतल्या आत जुनं ॲप चालतंय तोवर चालवा. गनचे क्रेडल (चार्जिंगचे स्टँड) आणि ट्रिगर-हँडल नव्या मॉडेलला बसत नाहीत, तेही विसरा.

जिनिंगचा मुख्य शत्रू पाणी नाही, रुईचं तूस. ते चार्जिंगच्या यूएसबी छिद्रात जाऊन बसतं, प्रत्येक वेळी पिन घातली की आणखी घट्ट दाबलं जातं आणि मग केबल अर्धीच आत जाते. म्हणून पाठीवर किंवा खाली उघडे संपर्क-बिंदू असलेलं, क्रेडलवर ठेवून चार्ज होणारं मॉडेल घ्या आणि यूएसबीचं झाकण बंदच ठेवा. बिंदू आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडायचे. चार्जिंगचा रॅक जिनिंग हॉलमध्ये किंवा रुईच्या ढिगाजवळ ठेवायचा नाही, हे सांगायला नको.

आणि तुमचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. बॅटरी शून्यावर ठेवून यंत्रं कपाटात गेली की दसऱ्याला निम्म्या उठत नाहीत. हंगाम संपला की ५० टक्क्यांच्या आसपास चार्ज ठेवून बॅटरी काढून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. पाठ फुगलेली दिसली तर ती बॅटरी बाद. ती मागचं झाकण उचलते आणि सील उघडतं.

काट्याचं वजन हाताने टाइप करायला लावू नका. इंडिकेटरला (काट्याच्या आकडे दाखवणाऱ्या डब्याला) बहुधा आरएस-२३२ हा सीरियल पोर्ट असतो. त्याला सीरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर लावा, ॲप वायफायवरून वजन वाचेल. बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) इंडिकेटरच्या सेटिंगशी जुळवा. आकडा स्थिर झाल्याची खूण ओळीत येते, ती आल्याशिवाय नोंद घ्यायची नाही.

किंमत मॉडेल आणि संख्येवर ठरते. पण कोटेशनात फक्त यंत्र असेल तर ते अर्धंच कोटेशन. क्रेडल, दोन यंत्रांमागे एक जादा बॅटरी, हँडस्ट्रॅप, बूट, दुरुस्तीचा करार, यंत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आणि वर १८ टक्के जीएसटी. हे सगळं मिळून तिन्ही कोटेशनं शेजारी ठेवा. क्रम बदलतो बरेचदा.

अक्राणी_सर्वे :

धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात नेटवर्क नसलेल्या पाड्यांवर सर्वे आहे. स्कॅनर नको, फक्त जागेची नोंद आणि फोटो. रग्ड लागेल का?

खानदेशी_अँड्रॉइड :

स्कॅनर नको तर गन नको. आयपी६८ आणि चांगली बॅटरी असलेला रग्ड फोन पुरे. स्क्रीनचा उजेड ६०० निट्सच्या वर बघा, ४००–४५० ची स्क्रीन डोंगरावरच्या उन्हात आरसा होते.

सिम लागणार असेल तर बँड बघा. जिओसाठी ३, ५ आणि ४०. लांबवर पोचणारा ५ आहे, ८५० मेगाहर्ट्झचा. बाहेरच्या देशासाठी बनवलेल्या मॉडेलमध्ये नेमका तोच नसला की पाड्यावर एक काडीही दिसणार नाही. बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणीही तपासा.

नेटवर्क नसताना जीपीएसला मदत मिळत नाही. उपग्रहाकडून स्वतः माहिती घ्यायला मोकळ्या आकाशाखाली साधारण ३० सेकंद लागतात, यंत्र बरेच दिवस बंद असेल तर कितीतरी मिनिटं. ॲपमध्ये लगेच ‘लोकेशन मिळालं नाही’ म्हणून हात वर करू नका. अचूकतेचा आकडा दाखवा, १० मीटरच्या खाली आला की बटण चालू करा. सकाळी निघण्याआधी गावात नेटवर असताना एकदा लोकेशन घेतलं की दिवसभर सोपं जातं. नकाशे आधीच उतरवून ठेवा.

केळीपट्टा_कोड :

आमच्याकडे कोल्ड रूमच्या आत वायफाय पूर्ण मरतं. राउटर दारापासून १५ फुटांवर आहे.

तापीकाठ :

मरणारच. कोल्ड रूमच्या पफ पॅनलच्या (मध्ये फोम असलेल्या भिंतीच्या) दोन्ही बाजूंना पत्रा असतो, तुम्ही धातूच्या डब्यात बसून सिग्नल मागताय. वर केळीच्या बॉक्समधलं पाणी २.४ गिगाहर्ट्झ शोषतं, खोली रिकामी असताना चालणारं वायफाय भरल्यावर बंद पडतं. चाचणी भरलेल्या खोलीतच करा. आत एक ॲक्सेस पॉइंट लागेल, दमट हवेला टिकणारा, केबल दाराच्या चौकटीतून नव्हे तर सील केलेल्या छिद्रातून.

याच कारणाने कोणी यूएचएफ आरएफआयडी (रेडिओलहरींनी लांबून वाचायचे टॅग) सुचवलं तर थांबा. ओल्या मालाच्या गठ्ठ्यात मधले टॅग वाचले जात नाहीत. घेतलंच तर आपला ८६५ मेगाहर्ट्झचा पट्टा, अमेरिकेसाठीचा ९०२–९२८ चा रीडर इथे चालवायचा नाही.

खानदेशी_अँड्रॉइड :

ॲक्सेस पॉइंट लावा, पण ॲप त्यावर विसंबून ठेवू नका. स्कॅन आधी यंत्रातल्या डेटाबेसमध्ये, सर्व्हरला नंतर. प्रत्येक नोंदीला यंत्रावरच यूयूआयडी (कधीच पुन्हा न येणारा ओळख क्रमांक), म्हणजे तीच नोंद दोनदा पोचली तरी सर्व्हर एकच धरेल. कंटेनर आणि बॉक्स नंबर मिळून सर्व्हरवर युनिक की. वर्कमॅनेजरचं (अँड्रॉइडमध्ये मागून कामं चालवणाऱ्या लायब्ररीचं) नियमित काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने लागत नाही, म्हणून लोडिंगच्या स्क्रीनवर ॲप उघडं असेपर्यंत स्वतःच पाठवत राहा, वर्कमॅनेजर मागून उरलेलं उचलेल.

बॅटरी चालू यंत्रातून उपटली जाणार, हे धरूनच चला. एसक्यूलाइट (यंत्रातला डेटाबेस) वॉल मोडमध्ये, म्हणजे बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याच्या पद्धतीत, सिंक्रोनस ‘नॉर्मल’ असेल तर फाइल बिघडत नाही, पण शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. इथे एक नोंद म्हणजे एक बॉक्स. ‘फुल’ करा, वेगात पडणारा फरक माणसाच्या हाताला कळणार नाही.

यंत्र किऑस्कमध्ये बांधायला, म्हणजे त्यावर आपलंच ॲप चालेल असं करायला, ॲपला डिव्हाइस ओनर (यंत्राचा पूर्ण ताबा असलेलं ॲप) करा. नव्या किंवा रीसेट केलेल्या यंत्राच्या स्वागताच्या स्क्रीनवर सहा वेळा टॅप केलं की क्यूआर वाचायची सोय उघडते. आधी गूगल खातं घातलं असेल तर होत नाही, परत रीसेट.

शिरपूर_ताई :

स्क्रीनबद्दल एक. पॅकिंगवाल्या बायांच्या हाताला चीक आणि पाणी असतं, टच भलतीकडे लागतो. त्या स्क्रीनवर काहीही टाइप करायला ठेवू नका. ट्रिगर, आणि एकच मोठं बटण. चीक वाळला की स्क्रीन खरवडतात, म्हणून बदलता येणारा स्क्रीन गार्ड लावाच. पुसायला सॉल्व्हंट नको, प्लास्टिकला बारीक तडे जातात.

केळीपट्टा_कोड :

दोन मॉडेलांचे डेमो नग आठवड्यासाठी मिळतायत. काय काय तपासू?

तापीकाठ :

दुपारी दोनला पत्र्याच्या शेडखाली तासभर सलग स्कॅन, स्क्रीन मंद होते का आणि ॲप अडखळतं का. लगेच चार्जिंगला लावून किती वेळाने चार्ज घेतं. तुमच्याच प्रिंटरचं, तुमच्याच रिबनचं लेबल हातभर अंतरावरून आणि वरच्या थरातलं दीड-दोन मीटरवरून. कोल्ड रूममध्ये तासभर ठेवून बाहेर काढून. विमान मोडवर २०० नोंदी करून मग वायफाय, सगळ्या पोचल्या का आणि दोनदा तर नाही ना. सेव्ह होत असताना बॅटरी काढून. बॅटरी बदलायला किती सेकंद मिळतात आणि तेवढ्यात ॲप तिथेच राहतं का, कारण ‘हॉट स्वॅप’ (यंत्र बंद न करता बॅटरी बदलणं) हा शब्द प्रत्येक विक्रेता वेगळ्या अर्थाने वापरतो. आणि रीसेट करून पुन्हा कामाला लावायला किती वेळ लागतो, घड्याळ लावून. आपटून बघू नका, डेमो नग परत द्यायचाय.

केळीपट्टा_कोड :

एकाच मॉडेलच्या दोन कोटेशनांत बराच फरक आहे. नाव तेच, झेब्राचं टीसी२१.

तापीकाठ :

नाव नव्हे, पूर्ण पार्ट नंबर मागा. त्या एका नावाखाली स्कॅन इंजिन असलेलेही प्रकार येतात आणि नुसत्या कॅमेऱ्यावर भागवणारेही. सिम हवं असेल तर टीसी२६ लागतं, २१ फक्त वायफायवर. त्यांच्याच टीसी२२ आणि टीसी२७ मध्येही तोच फरक. टीसी२१ आधीच्या पिढीचं आहे, तेव्हा त्याच्या सुरक्षा अपडेटची शेवटची तारीख विचारून मगच पुढे जा. काही सॉफ्टवेअर सोयी वेगळ्या लायसन्सवर असतात, त्याही ओळीत येऊ द्या.

पर्चेस ऑर्डरवर हे शब्दशः टाका: पार्ट नंबर, स्कॅन इंजिनचं नाव, अँड्रॉइडची आवृत्ती आणि ती पुढे कुठपर्यंत जाणार, गूगल सेवांसह, भारतासाठीचा प्रकार, क्रेडल आणि बॅटरीची संख्या, जादा बॅटरी किती वर्षं मिळत राहील, दुरुस्ती कुठे होते आणि तोवर बदली नग मिळतो का. विक्रेत्याने शेवटच्या दोन ओळींवर सही द्यायला खळखळ केली तर तिथेच दुसरं कोटेशन उघडा.